आठ नवखे, तीन लीडर आणि एक गुहा: तयारीचे आठ आठवडे

गेल्या आठवड्यात आठ नवख्यांना गुहेत नेऊन आणलं. आत पावणेतीन तास होतो, त्यासाठीची तयारी आठ आठवडे चालली. दोर कसा लावायचा, अरुंद जागेतून कसं सरपटायचं हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. पण गटाची जबाबदारी घ्यायची म्हटल्यावर कागदावर काय लिहायचं, कुणाला आधी विचारायचं, काय रद्द करायचं, हे क्रमाने सांगणारं फारसं कुणी नसतं. आम्हीही सुरुवातीला गोंधळलो होतो. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतो आहोत. आठवडे ठरलेल्या दिवसापासून मागे मोजले आहेत.

आठवा आठवडा: परवानगी

तारीख ठरवण्याआधी गुहा वर्षातल्या कुठल्या महिन्यांत बंद असते ते विचारा. वटवाघळांच्या पिलांच्या हंगामात किंवा त्यांच्या शीतनिद्रेच्या काळात अनेक गुहा बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. आमचा पहिला अर्ज परत आला, कारण त्यात "अंदाजे दहा-बारा जण" असं लिहिलं होतं. दुसऱ्या अर्जात माणसांची नेमकी संख्या, वयोगट, लीडरांचा अनुभव, आत जायची आणि बाहेर यायची वेळ, मार्गाचं रेखाटन आणि विम्याची प्रत जोडली. त्यानंतर मंजुरीला तीन आठवडे लागले. विमा काढताना पॉलिसीत गुहाभ्रमण स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे का ते पाहा. "साहसी खेळ" एवढ्यावर विसंबू नका, कारण जमिनीखालचे उपक्रम बऱ्याचदा अपवादांच्या यादीत टाकलेले असतात.

मंजुरीची वाट बघतानाच रेकी, म्हणजे गुहेची आगाऊ पाहणी, करून घेतली. हाताशी असलेला तो काळ वाया घालवू नये.

सहावा आठवडा: दोन रेकी

पहिली रेकी फक्त तिघा लीडरांची. गुहा तिघांच्याही ओळखीची होती, पण या वेळी डोळे वेगळे ठेवायचे होते. प्रत्येक वळणावर, उतारावर, खड्ड्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा: इथे कुणाचा पाय मोडला तर पुढच्या पाच मिनिटांत कोण काय करेल? उत्तर वहीत लिहूनच पुढे सरकायचं. उत्तर सुचत नसेल, तर ती जागा नवख्यांसाठी नाही.

त्या दिवशी ओढ्याच्या भुयारात एक गोष्ट दिसली. डोक्याच्या वर, छताच्या फटीत बोटभर लांबीची एक काडी आडवी अडकली होती आणि तिच्याभोवती वाळलेल्या फेसाचा करडा पापुद्रा होता. हाताने काडी तिथे कोण खोचणार! पाणी कधीतरी छताला टेकलं होतं, याचा तो पुरावा. भिंती खालपासून वरपर्यंत धुतल्यासारख्या स्वच्छ असणं, खोबणींत पालापाचोळा असणं, छताला फेसाच्या रेषा असणं, या सगळ्या खुणा तेच सांगतात. अशा भागात आभाळाबद्दल जराही शंका असेल तर जायचं नाही. चुनखडीच्या डोंगरात पाऊस पडतो एकीकडे आणि लोंढा काही तासांनी उतरतो भलतीकडे. दारापाशी ऊन आहे यावरून आतल्या पाण्याचा अंदाज बांधता येत नाही. १९६७ साली इंग्लंडमधल्या मॉसडेल केव्हर्न्समध्ये सहा अनुभवी गुहाभ्रमक पुरात दगावले. थायलंडच्या थाम लुआंगमध्ये २३ जून २०१८ रोजी बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पाण्यामुळे आत अडकले. ते सापडले २ जुलैला, आणि ८ ते १० जुलै या तीन दिवसांत बाहेर काढले गेले. त्या मोहिमेत समन कुनान हा पाणबुडा प्राणाला मुकला.

आम्ही ओढ्यातला एक ठळक दगड निवडून त्याचा फोटो काढला. दगडाचा माथा पाण्याखाली असेल तर ओढ्याच्या भुयारात कुणीही शिरणार नाही, हा नियम लेखी केला. असा नियम घरी बसून, डोकं शांत असताना ठरवून ठेवावा. गुहेच्या तोंडाशी, सगळे कपडे घालून तयार असताना, "जरासंच पाणी आहे" असं कुणीतरी म्हणतंच.

दुसऱ्या रेकीला आधी कधीच गुहेत न गेलेल्या ओळखीच्या दोघांना सोबत घेतलं आणि घड्याळ लावलं. आमच्या मार्गावर बारा मीटरचा सरपटीचा बोळ होता. त्यातला मधला चार मीटरचा भाग इतका अरुंद की एका वेळी एकच जण. लीडर अर्ध्या मिनिटात पार होतो, नवख्याला दोन मिनिटं लागतात. आठ नवखे आणि तीन लीडर मिळून सुमारे अठरा मिनिटं. त्यापुढे तीन मीटरचा उतरता कडा, दोर लावून प्रत्येक नवख्याला चार मिनिटं, म्हणजे आठ जणांची बत्तीस. दोन्ही मिळून पन्नास, आणि परतताना पुन्हा तेवढीच. म्हणजे दीड तासाहून जास्त नुसती रांग! रांगेतला माणूस ओल्या कपड्यांत उभा राहतो आणि गारठतो. गुहेचं तापमान साधारण त्या भागाच्या वार्षिक सरासरीइतकं असतं आणि हवा दमट असते, त्यामुळे बाहेर सोसवणारा ओलावा आत अंगात भरतो. उष्ण प्रदेशातल्या कोंदट गुहांत उलटं होतं. तिथे घाम सुकत नाही आणि शरीर तापत जातं.

कडा मार्गातून काढून टाकला. रांगेतला तासाहून जास्त वेळ वाचला आणि उंचावरून पडण्याचा सर्वात मोठा धोकाही त्यासोबत गेला.

पाचवा आठवडा: जोखमीचा तक्ता

पहिला तक्ता एकतीस ओळींचा झाला आणि तो कुचकामी होता. "घसरून पडणे – काळजी घ्यावी." या ओळीवरून कुणी काय करायचं? दुसऱ्या खर्ड्यात एक रकाना वाढवला: कोण, कुठे उभं राहून, काय करणार. मग तीच ओळ अशी झाली: "दगडांचा उतार. एका वेळी एकच जण उतरेल. लीड (पुढचा लीडर) खाली उजव्या भिंतीलगत उभा. खालचा माणूस भिंतीपाशी पोचून 'मोकळं' म्हणेपर्यंत वरचा पाऊल टाकणार नाही." ज्या ओळींपुढे हा रकाना भरता आला नाही त्या एकतर गाळल्या किंवा ती जागाच मार्गातून वगळली. शेवटी अकरा ओळी उरल्या.

शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देऊन गुणाकार करायची पद्धत सगळीकडे वापरतात, आम्हीही वापरली. तिच्यात दोन चुका फार होतात. उपाय लिहिला की लोक दोन्ही आकडे खाली आणतात. पण उतारावर एकेकाने उतरल्याने दगड लागण्याची शक्यता कमी होते, लागलेला दगड हलका होत नाही. परिणाम कमी करायचं काम हेल्मेटचं. दुसरी चूक म्हणजे परिणामाला बाहेरच्या हिशेबाने गुण देणं. मुरगळलेला घोटा रस्त्यावर दोन गुणांचा. सरपटीच्या बोळापलीकडे तोच चार गुणांचा धरा, कारण तो माणूस स्वतः बोळातून येऊ शकत नाही आणि मदत पोचायला कितीतरी तास लागतात.

हवेची ओळ विसरू नका. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो. बंदिस्त, खोलगट, कुजका पाला किंवा विष्ठा साचलेल्या भागांत तो कित्येक पटींनी वाढतो. आम्ही मीटर ठेवला आणि १ टक्का ही परत फिरायची मर्यादा धरली. लायटर पेटवून हवा तपासण्यावर विसंबणं चुकीचं आहे. ज्योत विझते ती ऑक्सिजन फार कमी झाल्यावर, आणि कार्बन डायऑक्साइड त्रासदायक पातळीला गेलेला असतानाही ती जळत राहू शकते. मीटर नसेल तर विनाकारण धाप, डोकेदुखी आणि छातीतली धडधड यांपैकी काहीही दोघांना एकदम जाणवलं, की सगळे माघारी. वटवाघळांच्या सुक्या विष्ठेच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस हा बुरशीजन्य फुप्फुसविकार होऊ शकतो, म्हणून तसा एक कोपरा नकाशावर काट मारून बंद केला.

चौथा आठवडा: आणीबाणीचा आराखडा

इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

अगदी सुरुवातीला, रेकीच्याही आधी, आमचा बेत दोन लीडरांचा होता. आत जाण्यापुरते ते पुरेसे वाटतात: एक पुढे, एक मागे. आता कागदावर अपघात घडवून बघा. बोळापलीकडे एका नवख्याचा पाय मोडला. एक लीडर त्याच्याजवळ थांबला. दुसरा उरलेल्या सात जणांना एकटा घेऊन निघाला, अरुंद बोळातून आणि दगडांच्या उतारावरून, सगळे घाबरलेले. त्यात आणखी कुणी पडलं तर? आणि जखमी लीडरच असेल तर? तेव्हा लीडर मोजायचे ते जाण्यासाठी किती लागतात यावरून मोजू नका, अपघातानंतर किती उरतात यावरून मोजा. आम्ही तिसरा लीडर घेतला आणि नियम केला की बोळापलीकडे तीन लीडर नसतील तर कुणीही जायचं नाही. तिघांनाही मार्ग, प्रथमोपचार आणि आराखडा सारखाच माहीत हवा. आराखडा फक्त लीडच्या खिशात असेल आणि लीडलाच दगड लागला, तर तो कागद काय कामाचा?

मग वेळेचा हिशेब मांडला. शेवटच्या टप्प्यावरून गट बाहेर यायला दीड तास. गुहेच्या तोंडाशी मोबाइल लागत नाही, रेंज येते ती वीस मिनिटं चालल्यावर, एका वळणावर. त्या परिसरात काम करणाऱ्या बचाव पथकाला आम्ही आधीच भेटलो. माणसं आणि सामान गोळा करून गुहेपाशी यायला तीन तास धरा, असं त्यांनी सांगितलं. आत पोचायला आणखी तास. म्हणजे जखमी माणूस सुमारे सहा तास आमच्याच भरवशावर. स्ट्रेचरचा प्रवास त्यानंतर सुरू होतो, आणि तो किती लांबू शकतो याची कल्पना असलेली बरी. वेल्समधल्या ओगोफ फिनॉन डी गुहेत नोव्हेंबर २०२१ मध्ये पडून जखमी झालेल्या एका अनुभवी गुहाभ्रमकाला बाहेर आणायला ५४ तास लागले. जर्मनीतल्या रीझेन्डिंग गुहेत ८ जून २०१४ रोजी डोक्याला दगड लागलेला संशोधक १९ जूनला बाहेर आला. आमची गुहा त्यांच्यासमोर चिमुकली, पण बोळात स्ट्रेचर पुढे सरकवताना गुहेची एकूण लांबी किती याला अर्थ उरत नाही.

सहा तासांचा आकडा समोर ठेवूनच आणीबाणीची पिशवी भरली. सहा जणांना आत बसता येईल असं गटाचं आवरण, म्हणजे तंबूसारखं डोक्यावरून ओढून घ्यायचं पातळ कापड. फोमच्या चटईचा तुकडा, कारण दगडावर टेकलेलं अंग खालून झपाट्याने गार होतं आणि वरून कितीही पांघरूण घातलं तरी भागत नाही. दोन फॉइलच्या पिशव्या, कोरडी लोकरी टोपी, एक जाड फ्लीस, मोडलेल्या हाता-पायाला बांधायचं वाकवता येणारं स्प्लिंट, त्रिकोणी पट्ट्या, लवचीक पट्ट्या, मोठं निर्जंतुक ड्रेसिंग, चिकटपट्टी, हातमोजे, कात्री, दोन जादा हेडलॅम्प, साखरेचं खाणं, पाणी. आणि ओल्यातही लिहिता येईल असा कागद आणि शिसपेन्सिल. बाहेर जाणाऱ्याच्या हाती निरोप लिहूनच द्यायचा: जागा, दुखापत, शुद्धीवर आहे का, श्वास आणि नाडी, किती वाजता पाहिलं, जवळ किती माणसं आणि काय सामान आहे. तोंडी निरोप दीड तासात बदलतो. पिशवी मागच्या लीडरकडे असावी. पुढच्याकडे दिली तर बोळात रांग अडकल्यावर ती मागे आणता येत नाही.

कॉल-आउटसाठी, म्हणजे ठरल्या वेळेपर्यंत आमची खबर आली नाही तर बचाव पथकाला बोलावण्यासाठी, बाहेरची एक जबाबदार व्यक्ती नेमली. तिच्या कागदावर गुहेचं नाव, तोंडाचे अक्षांश-रेखांश, मार्ग, माणसांची यादी, गाड्यांचे नंबर आणि चार वेळा: आत ९, परत फिरणं १०:३०, बाहेर १२:३०, कॉल-आउट २. दीड तासाची मोकळीक नवख्यांच्या गटासाठी बरी पडते. त्याहून कमी ठेवली तर उगाच धावपळ होते, फार जास्त ठेवली तर जखमी माणसाचे तास जातात. दोन वाजले की आणखी वाट न बघता फोन करायचा, हे त्या व्यक्तीला समोर बसवून सांगितलं आणि तिच्याच तोंडून परत वदवून घेतलं.

तिसरा आणि दुसरा आठवडा: फॉर्म आणि सामान

आरोग्याच्या फॉर्मवर दमा, अपस्मार, मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण, अलीकडची शस्त्रक्रिया, चालू औषधं, ॲलर्जी आणि बंद जागेची भीती असे वेगवेगळे प्रश्न ठेवा. "काही त्रास आहे का?" असं विचारलं की सगळे "नाही" लिहितात. फॉर्म आल्यावर प्रत्येकाला फोनही केला. दम्याचा उल्लेख फोनवरच निघाला. अट एवढीच घातली की एक इन्हेलर त्या व्यक्तीच्या अंगावर पाणी न शिरणाऱ्या डबीत आणि दुसरा लीडरकडे. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही हवी, आणि ती नेमका मार्ग व धोके वाचून केलेली हवी. ही सगळी माहिती खासगी असते, तिघा लीडरांपलीकडे ती जाऊ देऊ नका.

सर्वात जास्त खर्च दिव्यांवर आणि हेल्मेटवर झाला, आणि तिथे काटकसर करू नये असंच आमचं मत आहे. नवख्यांना प्रत्येकी दोन हेडलॅम्प, लीडरांना तीन. प्रत्येक दिवा घरी पूर्ण प्रकाशावर ठेवून घड्याळ लावा. वेष्टनावर दहा तास लिहिलेला एक दिवा दोन तास चाळीस मिनिटांत मंदावला, कारण ते दहा तास सर्वात मंद प्रकाशाचे असतात. हेल्मेट गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ या युरोपीय मानकाचं घ्या. कारखान्यात वापरतात त्या ईएन ३९७ हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा ओढ बसल्यावर सुटावा असाच बनवलेला असतो, त्यामुळे पडताना हेल्मेट डोक्यावरून निघू शकतं. सुती कपडे आणि जीन्स नकोत, ते पाणी धरून ठेवतात. सामान वापरून झाल्यावर धुऊन, निर्जंतुक करून मगच दुसऱ्या गुहेत न्या. वटवाघळांचा जीव घेणारी व्हाइट-नोज सिंड्रोमची बुरशी कपड्यांवरच्या मातीतूनही जाऊ शकते.

शेवटचा आठवडा: एकदा पुढे ढकलणं

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री वरच्या पाणलोटात पाऊस झाला. सकाळी दगडाचा माथा दिसत नव्हता. बेत आठवड्याने पुढे गेला. आठ जणांच्या सुट्ट्या फुकट गेल्या आणि नाराजी झाली, पण दगडाचा फोटो आणि नियम सगळ्यांना आधीच पाठवलेला असल्यामुळे वाद झाला नाही. पर्यायी तारीख पहिल्याच निरोपात कळवा.

प्रत्यक्ष दिवस

आत शिरण्याआधी वीस मिनिटं माहिती दिली आणि मग प्रत्येकाला हेल्मेटसकट एका बुटक्या बाकाखालून सरपटायला लावलं. कोण घाबरतंय ते उजेडातच कळलेलं चांगलं. क्रमांक देऊन मोजणी ठरवली: प्रत्येक अडथळ्यापलीकडे एक ते अकरा. आपल्या मागच्याचा दिवा दिसेनासा झाला की थांबायचं. प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहायचं, कारण परतीची वाट वेगळीच दिसते.

९:०५ ला आत. बोळाच्या तोंडाशी एक जण थांबला. बाकाखालून तो सहज गेला होता, इथे मात्र श्वास उथळ झाला. अशा वेळी ओढायचं नाही, टाळ्या वाजवून हुरूप द्यायचा नाही. दिवा त्याच्या डोळ्यांवरून खाली वळवायचा, हळू बोलायचं, लांब श्वास सोडायला सांगायचं आणि "नाही" म्हणायची मोकळीक द्यायची. पाच मिनिटांनी तो "नको" म्हणाला. त्याच्यासोबत एक लीडर थांबणार, म्हणजे पलीकडे दोघेच. नियमाप्रमाणे सगळा गट बोळ सोडून कोरड्या शाखेत वळला. ती शाखा रेकीत पर्याय म्हणून पाहून ठेवलेली होती, तिच्या ओळी तक्त्यात होत्या. त्यामुळे ऐनवेळी अनोळखी जागेत शिरावं लागलं नाही. त्याला सगळ्यांसमोर कारण विचारायचं नाही, हेही लीडरांमध्ये आधीच ठरलं होतं.

शाखेच्या टोकाशी दिवे मालवून दोन मिनिटं बसलो, तेव्हा एकीचे दात वाजत होते. लीडरने तिला हेल्मेटचं बक्कल उघडून पुन्हा लावायला सांगितलं. ते तिला दोनदा प्रयत्न करून जमलं. बोटं न वळणं, बोलणं तुटणं, पाय अडखळणं या गारठ्याच्या खुणा. बक्कल ही सोपी चाचणी आहे आणि ती करताना कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. कोरडी टोपी, साखरेचं खाणं, चटईवर बसवणं आणि १०:३० ची वाट न बघता दहा मिनिटं आधीच परत.

११:५० ला शेवटचा माणूस बाहेर, मोजणी पूर्ण. एक लीडर कपडेही न बदलता रेंजच्या वळणाकडे गेला आणि १२:१० ला कॉल-आउट रद्द केला. हे काम कुणाचं ते नावासकट ठरवा, नाहीतर "तू केलास ना फोन?" असं एकमेकांना विचारलं जातं.

त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, तिघांनी थोडक्यात टळलेल्या गोष्टी लिहून काढल्या. उतारावर एकदा "मोकळं" ऐकू येण्याआधीच वरच्याने पाऊल टाकलं होतं, कारण ओढ्याच्या आवाजात शब्द विरतो. आता तिथे शिटी वाजेल. आणि बाहेरच्या व्यक्तीशी बोलताना कळलं की बचाव पथकाचा नंबर तिच्या कागदाच्या मागच्या बाजूला होता आणि तिला तो सापडलाच नव्हता. दोन वाजले असते तर तिने आधी आम्हालाच फोन लावला असता. नव्या कागदावर तो नंबर पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत आहे, आणि त्याच्याखाली लिहिलं आहे: "आम्हाला फोन करू नका. हा नंबर लावा."